संत सेबास्तियनची चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपची टूर करून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये आयफेल टॉवर असतो, पिसाचा मनोरा हाताने ढकलल्याचा फोटो असतो आणि कुठल्यातरी म्युझियममध्ये काढलेला आणखी एक फोटो हमखास असतो: खांबाला किंवा झाडाला बांधलेला, कमरेला पंचा गुंडाळलेला, अंगात बाण रुतलेला देखणा तरुण. ‘हा कोण हो?’ असं मला पाश्चात्त्य चित्रांवरच्या व्याख्यानांनंतर विचारलं जातं, मेलवर विचारलं जातं आणि सर्वांत जास्त व्हॉट्सॲपवर. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं नकोत म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाण लागलेला हा तरुण नक्की कोण?

संत सेबास्तियन. रोमन सम्राट डायोक्लीशनच्या काळातला, साधारण इ.स. २८८च्या सुमाराचा रक्तसाक्षी. (धर्मासाठी प्राण देणाऱ्याला आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक हाच शब्द वापरतात आणि मला तो ‘हुतात्मा’पेक्षा जास्त नेमका वाटतो.) इतिहासाच्या कसोटीला उतरेल अशी त्याची माहिती थोडकीच आहे. ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगात २० जानेवारीला त्याचं नाव आणि त्याला पुरल्याची जागा नोंदलेली आहे. चौथ्या शतकातले मिलानचे बिशप ॲम्ब्रोज ‘तो आमच्या मिलानचा’ असं सांगतात.

बाकीची कथा पाचव्या शतकात लिहिली गेली. तिच्यानुसार सेबास्तियन सम्राटाच्या खास पहारेकऱ्यांच्या दलात अधिकारी होता आणि गुपचूप ख्रिस्ती होता. तुरुंगातल्या ख्रिस्ती बंद्यांना तो धीर देत असे. बिंग फुटल्यावर सम्राटाने त्याला बांधून तिरंदाजांच्या हवाली केलं.

२. म्हणजे तो बाणांनीच मेला ना? आपल्या भीष्मांसारखा?

नाही, आणि नव्वद टक्के लोक इथेच फसतात. तिरंदाज त्याला मेलेला समजून निघून गेले. रात्री आयरीन नावाची विधवा प्रेत पुरायला म्हणून आली, तर धुगधुगी होती. तिने घरी नेऊन शुश्रूषा केली आणि तो खडखडीत बरा झाला. बरं, मग गपचूप रोम सोडून जावं की नाही? हा गृहस्थ सम्राटाच्या वाटेत उभा राहिला आणि त्याला तोंडावर जाब विचारला. या वेळी सम्राटाने सोट्यांनी ठेचून मारायला लावलं आणि प्रेत शहराच्या मोठ्या गटारात, क्लोआका माक्सिमात, फेकून दिलं. लुसीना नावाच्या बाईला स्वप्नात दृष्टांत झाला. तिने ते शोधून आप्पियन रस्त्याजवळच्या भुयारी दफनभूमीत पुरलं. तिथे आज त्याच्या नावाची बॅसिलिका उभी आहे.

भीष्म बाणांवर पडून मरणाची वाट पाहतात. हा बाणांतून उठतो आणि पुन्हा मरणाकडे चालत जातो. म्हणून जगभरच्या त्या शेकडो चित्रांकडे पाहताना ध्यानात ठेवायचं की ज्या दिवशी तो मेला नाही, त्या दिवसाचं हे चित्र आहे.

३. मेला सोट्यांनी, मग चित्रात सगळीकडे बाणच का?

प्लेगमुळे.

भूमध्य समुद्राभोवतीच्या जुन्या कल्पनेत साथीचा रोग म्हणजे वरून सुटलेला बाण. होमरच्या ‘इलियड’च्या सुरुवातीलाच अपोलो रागावून ग्रीकांच्या छावणीवर बाण सोडतो आणि माणसं साथीने मरू लागतात. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या ९१व्या स्तोत्रात दिवसा सुटणारा बाण आणि काळोखात फिरणारी मरी एकाच दमात येतात. दिसत नाही, आवाज नाही, शेजारचा मेला आणि आपण राहिलो, हा साथीचा अनुभव बाणाइतका नेमका दुसऱ्या कशाने सांगणार? आता अंगभर बाण लागूनही जो जगला, त्याच्याकडे लोक प्लेगमधून वाचव म्हणून धाव घेणार हे ओघानेच आलं.

इतिहासकार पॉल द डीकन लिहितो की ६८० साली इटलीतल्या पाविया शहरात साथ होती आणि सेबास्तियनची वेदी उभारल्यावर ती थांबली. पण चित्रांचा खरा पूर आला तो १३४८च्या महामारीनंतर. पुढची तीन शतकं दर पिढीत कुठे ना कुठे प्लेग येत होता. गावोगावच्या पंचायती, धंदेवाल्यांचे संघ, घरं नवस बोलत होती आणि नवस फेडायला चित्र लावत होती. आपल्याकडे साथीच्या वेळी मरीआईकडे किंवा शीतलादेवीकडे जायचे, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे रोग देणारी आणि आवरणारी देवी एकच, आणि तिकडे बाण सोडणारा वेगळा, अंगावर झेलणारा वेगळा.

हे सगळं एका फळीवर बघायचं असेल तर बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममधलं जोस लिफेरिंक्सचं चित्र बघा (१४९७–९९). पावियातली ती साथच त्याने रंगवली आहे. खाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं प्रेत पुरण्याचं काम चालू आहे आणि पुरणारा माणूसच हातपाय ताठ करून मागे कोसळतोय. त्याची मान नीट बघितली की गाठ दिसते. वर आकाशात देवापुढे गुडघे टेकून सेबास्तियन विनवतोय, अंगातले बाण तसेच. घरात आजी-पणजीकडून १८९७च्या पुण्यातल्या प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्यांना त्या गाठीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

४. सुरुवातीपासून तो असाच तरुण आणि उघडाबंब होता का?

अजिबात नाही. रावेन्नाच्या सांत अपोलिनारे नुओवो चर्चमध्ये सहाव्या शतकातलं मोझेइक (रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र) आहे. पांढरे झगे घातलेले रक्तसाक्षी रांगेने चाललेत आणि सेबास्तियन त्यांतला एक. नाव लिहिलेलं नसतं तर ओळखूही आला नसता. रोमच्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये सातव्या शतकातलं मोझेइक आहे. तिथे तर तो चक्क पांढऱ्या दाढीचा, अंगभर दरबारी पोशाख केलेला पोक्त गृहस्थ आहे, हातात मुकुट. बाणाचा पत्ता नाही. कथेतल्या अधिकाऱ्याचं वय आणि हुद्दा बघता हे चित्र जास्त पटतं. पण लोकांना पटलं ते दुसरंच.

५. मग कपडे कधी उतरले आणि का?

चौदाव्या-पंधराव्या शतकात, आणि कारणं गुंतलेली आहेत. पहिलं भक्तीचं: प्लेगची गाठ काखेत, जांघेत येते, म्हणून घाव जिथे दिसतील असं उघडं अंग हवं. दुसरं साम्याचं: खांबाला बांधलेला, कमरेला वस्त्र, अंगावर जखमा, म्हणजे पाहणाऱ्याला येशूचे हाल आठवणार, आणि ते आठवावेत हाच हेतू. तिसरं कारण चित्रकारांचं आहे आणि माझ्या मते तेच वरचढ ठरलं. ग्रीक-रोमन पुतळे जमिनीतून निघत होते, शरीररचनेचं वेड लागलं होतं आणि चर्चच्या भिंतीवर तरुण उघडं शरीर रंगवायला परवानगी देणारे विषय होते किती? आदाम, येशू आणि हा. आदाम पापी. येशूच्या बाबतीत फार स्वातंत्र्य घेता येत नाही. उरला सेबास्तियन.

अंगभर कपडे घातलेला सेबास्तियनही याच काळात रंगवला जात होता. त्याबद्दल प्रश्न ११ आणि १२ पाहा.

६. चर्चमध्ये असं चित्र लावायला कुणी हरकत घेतली नाही का?

घेतली की. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वझारीने फ्रा बार्तोलोमेओचा किस्सा दिला आहे. हा फ्लोरेन्सच्या सान मार्को मठातला साधू-चित्रकार. ‘याला उघडं अंग रंगवता येत नाही’ अशी टिंगल होत होती, म्हणून त्याने इरेला पेटून सेबास्तियन रंगवला. चित्र इतकं जिवंत उतरलं की ते पाहून आपल्या मनात पाप आलं असं बायका पापनिवेदनाला येऊन सांगू लागल्या. साधूंनी चित्र चर्चमधून काढून मठाच्या आतल्या दालनात नेलं आणि पुढे ते फ्रान्सच्या राजाकडे गेलं. वझारी गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांतला आहे, तेव्हा तपशिलाची हमी मी देत नाही. आतल्या दालनातल्या साधूंच्या मनाचं काय, हे मात्र तोही सांगत नाही.

पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पवित्र चित्रांत कामुक सौंदर्य नको असा ठराव केला. उघडा सेबास्तियन त्याने थांबला नाही. मात्र त्यानंतर आयरीनच्या शुश्रूषेचा प्रसंग फार लोकप्रिय झाला (प्रश्न ९).

७. बाण किती असावेत, कुठे असावेत, याचा काही नियम आहे का?

नियम नाही. तेराव्या शतकातल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रांच्या संग्रहात तो ‘साळिंदरासारखा’ दिसत होता असं म्हटलंय आणि फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी देल बिओन्दोने ते शब्दशः घेतलं. त्याच्या चित्रातल्या सेबास्तियनचे बाण मोजायला जाल तर थकाल. याउलट सतराव्या शतकात ग्विदो रेनीच्या जेनोआमधल्या चित्रात फक्त दोन. जितका जुना, जितका प्लेगशी थेट जोडलेला, तितके बाण जास्त, असा ढोबळ अंदाज चालतो.

एक गमतीचा अपवाद सांगतो. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताजमध्ये पेरुजिनोचा खांद्यापर्यंतचा सेबास्तियन आहे. मानेत एकच बाण. त्या बाणाच्या दांड्यावर बारीक सोनेरी अक्षरं दिसतात. ती चित्रकाराची सही आहे.

८. बाण लागलेत तरी चेहरा इतका शांत कसा? आणि म्युझियममध्ये वेळ कमी असेल तर कोणती चित्रं चुकवू नयेत?

शांत चेहरा मुद्दाम आहे. नजर वर, पाहणाऱ्याकडे नाही. प्लेगने तडफडणाऱ्या माणसाला आणखी एक तडफडणारा चेहरा कशाला दाखवायचा? त्याला दाखवायचं असतं की हे सोसता येतं. पण सगळेच चित्रकार तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि चांगली चित्रं तिथेच सापडतात.

आंद्रेआ मान्तेन्याने हा विषय तीनदा रंगवला. व्हिएन्नातल्या चित्रात बाण थेट कपाळात आहे, खांबावर ग्रीक लिपीत सही आहे आणि डाव्या कोपऱ्यातल्या ढगात नीट बघितलं तर घोडेस्वार दिसतो. पॅरिसच्या लूव्हर म्युझियममधलं चित्र मोठं. तिथे लोक चेहरा बघून पुढे सरकतात. मी सांगेन, पायांशी थांबा. संताच्या जिवंत, शिरा उमटलेल्या पावलाशेजारी फुटक्या संगमरवरी पुतळ्याचं चप्पल घातलेलं पाऊल पडलंय. रोमचे देव तुटले, हा उभा आहे, एवढं सगळं दोन पावलांत. खालच्या उजव्या कोपऱ्यात काम उरकून निघालेल्या दोन तिरंदाजांची नुसती डोकी आहेत, नाक्यावर भेटावीत तशी. तिसरं चित्र व्हेनिसच्या का’ दोरोमध्ये. १५०६ साली मान्तेन्या गेला तेव्हा ते त्याच्या चित्रशाळेतच होतं. यात चेहरा शांत नाही, तोंड उघडं आहे. कोपऱ्यात नुकतीच विझलेली मेणबत्ती आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या पट्टीवर लॅटिन ओळ: दैवी तेवढंच टिकतं, बाकी सगळा धूर.

दुसरं न चुकवण्यासारखं म्हणजे लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं पोलाइउओलो बंधूंचं १४७५चं चित्र. जवळजवळ तीन मीटर उंच. संत वर बुंध्याला बांधलेला, भोवती सहा तिरंदाज. गंमत अशी की पोझेस मोजक्याच. तोच पवित्रा एकदा पुढून, एकदा मागून. समोरचे दोघं खाली वाकून धनुष्याची दोरी ताणतायत आणि जोर लावून एकाच्या चेहऱ्यावर रक्त चढलंय. खरं सांगायचं तर या चित्रात संतापेक्षा मारेकऱ्यांवर जास्त मेहनत घेतली आहे.

ड्रेस्डेनला जाणार असाल तर अंतोनेल्लो दा मेस्सिनाचा सेबास्तियन. व्हेनिसमध्ये प्लेग येऊन गेल्यावर १४७८–७९च्या सुमाराला रंगवलेला. मागे गच्च्यांवर गालिचे वाळत घातलेत, बाळाला घेतलेली बाई उभी आहे, एक जण दुपारच्या उन्हात फरशीवर आडवा झालाय. भर चौकात माणूस बाणांनी भेदलाय आणि शहराची दुपार नेहमीसारखी चालू आहे.

९. एक बाई त्याच्या अंगातून बाण काढते आहे असं चित्र पाहिलं. ती मारिया माग्दालेना का?

नाही, ती आयरीन (कथा प्रश्न २ मध्ये). सतराव्या शतकात हा प्रसंग फार चालला. संताच्या देखणेपणाऐवजी सेवा करणारे हात मध्यभागी आले, शिवाय रात्रीचा प्रसंग म्हणजे दिव्याच्या उजेडात रंगवायची संधी.

माझं आवडतं चित्र हेन्द्रिक तेर ब्रुगेनचं, १६२५चं. ते अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजच्या म्युझियममध्ये आहे. सेबास्तियनची कातडी हिरवट-राखाडी पडली आहे, शरीर लुळं. मोलकरीण मनगटाची गाठ सोडवते आहे आणि आयरीन बोटांत बाण धरून हळूच ओढते आहे, काटा काढताना आई धरते तसा. झॉर्झ द ला तूरचं लूव्हरमधलं चित्र याहून गप्प: एकच बाण, एकच मशाल, मागे रडणाऱ्या बायका.

१०. त्याचा खरा मृत्यू कुणीच रंगवला नाही का?

रंगवला, पण फार थोड्यांनी. व्हेनिसच्या सान सेबास्तियानो चर्चमध्ये वेरोनेसेने सोट्यांचा प्रसंगही चितारला आहे. (हे चर्च त्याने आतून जवळजवळ सगळं रंगवलं आणि त्याला पुरलंही तिथेच.) लोदोविको कार्राच्चीच्या १६१२च्या चित्रात शिपाई कापडाची झोळी करून जडशीळ प्रेत गटारात सोडतायत. ते सध्या लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये आहे. करवून घेणारे माफेओ बार्बेरिनी पुढे आठवे अर्बन म्हणून पोप झाले. भक्तांमध्ये ही चित्रं रुजली नाहीत. गटारापुढे नवस कोण बोलणार?

११. अंगभर कपडे, हातात नुसता एक बाण, तोही सेबास्तियनच का?

बहुतेक वेळा हो. बेर्गामोमधला राफाएलचा सेबास्तियन (१५०१–०२च्या सुमाराचा) भरजरी कपड्यांतला, केस विंचरलेला तरुण आहे आणि बाण असा धरलाय की जणू बोरू. ओळखताना तीन गोष्टी तपासा. हातात बाण धरलेली व्यक्ती मुलगी असेल तर ती बहुधा संत उर्सुला. बाण लागलेल्या माणसाच्या डोक्यावर राजमुकुट असेल तर तो इंग्लंडमधला राजा संत एडमंड, ज्याला ८६९ साली डेन लोकांनी मारलं. आणि सोबत कोण आहे ते बघा. मांडीवरची गाठ दाखवणारा यात्रेकरू आणि जवळ कुत्रा असेल तर तो संत रॉक. हे दोघं प्लेगच्या चित्रांतली ठरलेली जोडी. शेजारी पोप असेल तर तो फाबियन. दोघांचा सण एकाच दिवशी, २० जानेवारीला येतो.

१२. सान जिमिन्यानोमध्ये एका भिंतीवर देवच बाण मारतोय आणि सेबास्तियन लोकांना वाचवतोय. देवापासून वाचवायचं? हे कसं काय?

बरोबर पाहिलंत. सांत आगोस्तिनो चर्चमधलं बेनोत्झो गोत्झोलीचं १४६४चं भित्तिचित्र. गावात प्लेग होता. चित्रात वरून देव आणि देवदूत बाण सोडतायत, मध्ये सेबास्तियन उभा, अंगभर कपड्यांत आणि अंगाला ओरखडाही नाही. त्याचा झगा देवदूतांनी दोन्ही बाजूंनी धरलाय आणि त्याखाली अख्खं गाव हात जोडून उभं. बाण झग्यावर आपटून मोडतात. तो झगा सहसा मारियामातेचा असतो, इथे सेबास्तियनला दिला आहे.

देवाच्या रागापासून देवाच्याच संताने वाचवायचं, यात त्या लोकांना विसंगती वाटत नव्हती. बापाचा मार चुकवायला काकाच्या मागे लपलेल्या कुणालाही वाटणार नाही. पुढच्याच वर्षी गोत्झोलीने त्याच गावच्या मुख्य चर्चमध्ये नेहमीचा, उघडा, बाणांनी भरलेला सेबास्तियन रंगवला. दोन्ही ठिकाणं पायी काही मिनिटांवर आहेत, एकापाठोपाठ एक पाहा.

१३. ज्याला बाण मारले तोच तिरंदाजांचा रक्षक संत कसा?

जे हत्यार लागलं त्या हत्याराच्या धंद्याचा संत, हा युरोपातला जुना हिशेब आहे. फ्लँडर्समध्ये आणि जर्मनीत त्याच्या नावाचे तिरंदाजांचे संघ होते. ब्रुजमधला संघ अजून चालू आहे.

१४. आपल्याकडे, गोव्यात किंवा भारतात, तो कुठे दिसतो?

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये त्याच्या नावाचं छोटं चॅपेल आहे. मात्र तिथला उघड्या डोळ्यांचा क्रूसावरचा पुतळा त्याचा समजून लोक फोटो पाठवतात. तो येशू आहे आणि तो क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या) वाड्यातून आलेला आहे.

खरा थाट केरळात. अर्थुंकलच्या चर्चमध्ये जानेवारीत त्याचा सण भरतो आणि शबरीमलाहून परतणारे कित्येक अय्यप्पाभक्त माळ उतरवायला तिथे थांबतात. केरळात बऱ्याच गावी ‘अंबु पेरुन्नाळ’ असतं, म्हणजे बाणाचा सण. पुतळा नव्हे, नुसता बाण घरोघर नेतात. युरोपातल्या चित्रकारांनी शरीरावर पाचशे वर्षं घालवली. या गावांनी शरीर बाजूला ठेवून बाणच उचलला.

१५. समलिंगी लोक त्याला आपला मानतात असं वाचलं. यात तथ्य आहे का? की हल्लीचं खूळ?

तथ्य आहे आणि हल्लीचं नाही. कथेत तसं काही नाही. आलंय ते चित्रांतून, मुख्यतः ग्विदो रेनीच्या. वर लागलेले डोळे, सैल पडलेलं शरीर आणि आपलं खरं रूप लपवून राजाच्या चाकरीत असलेला, उघड झाल्यावर शिक्षा भोगणारा माणूस, यात अनेकांना स्वतःची गोष्ट दिसली. समलिंगी संबंधांबद्दल तुरुंगवास भोगून सुटलेला ऑस्कर वाइल्ड १८९७ पासून ‘सेबास्तियन मेलमॉथ’ या नावाने राहिला. एड्सच्या साथीत तर मूळचा अर्थ, साथीच्या बाणांना सामोरा जाणारा, पुन्हा जागा झाला.

१६. मुहम्मद अलीचा बाण लागलेला फोटो हा याचाच प्रकार का?

हो. ‘एस्क्वायर’ मासिकाचं एप्रिल १९६८चं मुखपृष्ठ, कल्पना जॉर्ज लॉइसची, फोटो कार्ल फिशरचा. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिल्याने अलीचं विजेतेपद काढून घेतलं होतं. लॉइसने त्याला पांढरी चड्डी आणि बॉक्सिंगचे बूट घालून, हात मागे, डोकं कललेलं, असं उभं केलं. नमुना म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधल्या बोत्तिचिनीच्या सेबास्तियनचं पोस्टकार्ड दाखवलं. अली बघून थबकला: हा तर ख्रिस्ती, मी मुसलमान. त्याने तिथूनच आपले धर्मगुरू एलायजा मुहम्मद यांना फोन लावून विचारलं. होकार आला, आणि मगच तो सहा बाण घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.